मी जास्तच मनाला लावून घेतलं का? शिरोलीच्या एका क्वालिटी इंजिनिअरला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न बराच लांब होता, म्हणून इतरांसाठी थोडक्यात पुन्हा मांडतो. शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये तुम्ही क्वालिटी इंजिनिअर आहात. हाउसिंगचा (यंत्राच्या कवचाच्या भागाचा) एक लॉट बोअर, म्हणजे आतलं गोल छिद्र, मोठं निघालं म्हणून ग्राहकाकडून परत आला. सकाळच्या मीटिंगमध्ये ऑपरेटर आणि ट्रेनी पोरांसमोर प्लँट हेड म्हणाले, "डिग्री कुठनं आणलीस? तुझ्यापेक्षा आमचा हेल्पर बरा." तुम्ही हातातलं बोअर गेज, म्हणजे ते छिद्र मोजायचं उपकरण, टेबलावर आपटलंत आणि तडक घरी गेलात. रात्री क्वालिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भलामोठा मेसेज टाकलात आणि ग्रुप सोडलात. दुसऱ्या दिवशी रजा. आता प्लँट हेड तुमच्याशी थेट बोलत नाहीत, निरोप दुसऱ्यामार्फत येतात, आणि एचआरने लेखी खुलासा मागितलाय. मित्र म्हणतात, "लई मनाला लावून घेतोस." घरचे म्हणतात, "सोडून दे असली नोकरी." तुमचा प्रश्न: मी जास्त केलं का, आणि आता काय करू?

कोल्हापूर परिसरातल्या फौंड्री आणि मशीन शॉपमध्ये मी आयुष्यभर पर्सोनेलचं काम केलं. त्या खात्याला पुढे एचआर म्हणायला लागले. आता कंपन्या मला बोलावतात त्या बहुतेक अशाच तंट्यांसाठी. तरी दोन गोष्टी आधीच सांगतो. प्लँट हेडची बाजू मी ऐकलेली नाही. आणि माझं उत्तर बरंचसं यावर अवलंबून आहे की हे पहिल्यांदा झालं की नेहमीचं आहे, ते सगळ्यांनाच असं बोलतात की तुम्हालाच, आणि त्या बोलण्यामागे जात, गाव, घरची परिस्थिती असं काही होतं का. तुमच्या लिहिण्यावरून तरी हे पहिल्यांदाच झालेलं दिसतंय आणि माणूस सगळ्यांवरच खेकसणारा आहे. तसं धरून पुढचं लिहितो. तसं नसेल तर खाली एक वेगळा भाग आहे, तो आधी वाचा.

माझं सरळ मत असं: राग येणं अजिबात जास्त नव्हतं. ज्या पोरांना तुम्ही गेज धरायला शिकवता, त्यांच्यासमोर कुणी तुमचं शिक्षण काढलं तर अंगाची लाही लाही होणारच. पण तुम्ही जे केलंत ते तुमच्याच विरोधात गेलं. त्या एका मिनिटात दोन वेगळ्या गोष्टी तुमच्यासमोर आल्या होत्या. एक, लॉट परत आलाय आणि त्याचं उत्तर क्वालिटीला द्यायचंय. दोन, चारचौघांत तुमचा पाणउतारा झालाय. पहिली गोष्ट कामाची, दुसरी इभ्रतीची. तुम्ही दोन्हींना मिळून एकच उत्तर दिलंत, ते म्हणजे निघून जाणं. त्यामुळे कामाचं उत्तर राहून गेलं आणि इभ्रतीचंही. तंटा वाढतो तो बहुतेक वेळा इथेच, आणि समोरचा कितीही चुकीचा असला तरी वाढतो.

त्या दिवशी दुपारी कँटीनमध्ये काय बोलणं झालं असेल याचा विचार करा. सकाळी नऊ वाजता विषय होता, "साहेबांनी असं बोलायला नको होतं." तिथे असलेल्या निम्म्या लोकांना ते पटलेलं नव्हतं, याची मला जवळजवळ खात्री आहे. दुपारपर्यंत विषय झाला, "गेज आपटून गेला की." रात्रीच्या मेसेजनंतर तर त्यांचं वाक्य सगळे विसरले, लक्षात राहिला तो तुमचा मेसेज. प्रतिक्रिया मूळ बोलण्यापेक्षा मोठी झाली की लोक मूळ बोलणं सोडून प्रतिक्रियेचीच चर्चा करतात. बोलणारा मोकळा सुटतो आणि खुलासा ऐकून घेणाऱ्याकडून मागितला जातो. तुमच्या टेबलावर आज जो कागद आलाय तो यामुळे आलाय. हा अन्याय आहे, मान्य. पण असंच घडतं, आणि म्हणूनच पहिल्या अर्ध्या तासात हात आणि तोंड आवरणं हे स्वतःच्याच फायद्याचं असतं.

आता तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीकडे येतो. तिथे जाता जाता तुम्ही लिहिलंय, "गेजच्या कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेली होती, पण तो मुद्दा वेगळा." माझ्या मते तोच मुद्दा आहे. कॅलिब्रेशन म्हणजे गेज बरोबर मोजतंय का याची मुदतीने होणारी तपासणी. बोअर ७२ एच७ (७२ मिमी व्यास, एच७ ही मापातल्या मुभेची श्रेणी) असेल, तर अख्खी मुभा ३० मायक्रॉनची, म्हणजे ०.०३ मिमीची. तारीख उलटलेल्या गेजवर तेवढ्यातलं माप पास करणं ही चूक आहे, आणि तुम्हाला ती मीटिंगच्या आधीपासून टोचत असणार. इतक्या वर्षांत मी एक गोष्ट सतत पाहिली आहे. धडधडीत खोटा आरोप झाला तर माणूस चिडतो, वाद घालतो, आणि संध्याकाळी चहा पितो. ज्यात पाव हिस्सा खरं असतं, ते बोलणं मात्र रात्रभर झोपू देत नाही. "डिग्री कुठनं आणलीस" हे शंभर टक्के चूक होतं. पण गेजचं तुम्हाला आतून माहीत होतं, म्हणून ते वाक्य इतकं खोल गेलं. हे मी तुम्हाला दोष द्यायला सांगत नाही. त्या पाव हिश्शाची जबाबदारी तुम्ही आपणहून उचललीत, की उरलेल्या पाऊण हिश्शावर बोलायला तुमची बाजू भक्कम होते, म्हणून सांगतो.

प्लँट हेड असे का बोलतात, हेही थोडं समजून घ्या. आपल्याकडचं हे यंत्रकाम शिवाजी उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपमधून वाढलं. तिथे पोरगं कामाला लागायचं ते मिस्त्रीच्या हाताखाली. मिस्त्री शिकवायचा, शिव्या घालायचा, कधी हातातलं काम काढून घ्यायचा. पण तोच मिस्त्री दुपारी आपल्या डब्यातली भाकरी त्याच्यापुढे सरकवायचा, पोरगं आजारी पडलं तर घरी जाऊन यायचा, आणि मालकाला सांगायचा, "पोरगं तयार झालंय, पगार वाढवा." रागावणारा आणि पाठीशी उभा राहणारा माणूस एकच होता. त्यामुळे त्याच्या बोलण्याचा अर्थ पोराला नीट लागायचा. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या मोठ्या शेडमध्ये ती रचना राहिलेली नाही. प्लँट हेड काही वर्षांनी बदलतो, तुमचं घर कुठे हेही त्याला माहीत नसतं, वरून ग्राहकाची डेबिट नोट (खराब मालाचे पैसे कापल्याचा कागद) आणि कामगिरीचा तक्ता त्याच्या मानगुटीवर असतो. मिस्त्रीची भाषा तशीच राहिली, मिस्त्रीचा आधार गेला. ज्यांनी ती भाषा लहानपणी ऐकली त्यांना वाटतं, "आम्ही असंच शिकलो, यात काय एवढं?" आणि ज्यांना आधार कधी मिळालाच नाही त्यांना नुसता अपमान ऐकू येतो. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. तरीही जबाबदारी जास्त कुणाची म्हणाल, तर वरच्या माणसाची. पाठीशी उभं राहायचं नसेल तर त्या भाषेत बोलायचा हक्कही राहत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि प्लँट हेडच्या प्रशिक्षणात मी हे तोंडावर सांगतो.

पण "त्यांनी मुद्दाम केलं का?" या प्रश्नात अडकू नका. तुमच्या मेसेजमध्ये तो चार वेळा आलाय. मुद्दाम केलं की तोंडातून गेलं, हे त्यांनी शपथेवर सांगितलं तरी तुम्हाला पटणार नाही. शिवाय आपण स्वतः कुणाला तोडून बोललो तर कारण परिस्थितीचं देतो, "लाइन थांबली होती, डोकं फिरलं होतं." दुसरा बोलला की कारण स्वभावाचं, "माणूसच तसला." हे सगळ्यांचं होतं, माझंही आणि तुमच्या साहेबांचंही. त्यांच्या नजरेत या क्षणी तुम्ही "गेज आपटणारा" आहात, "कॅलिब्रेशनच्या टेन्शनमध्ये असलेला" नाही.

रात्रीच्या मेसेजबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हल्ली माझ्याकडे येणारी निम्मी प्रकरणं मोबाइलवर पेटलेली असतात. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ईमेलवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही वाक्यं गंभीरपणे आणि काही टोमणा म्हणून पाठवायची, आणि वाचणाऱ्याने ओळखायचं कुठलं काय. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की साधारण ७८ टक्के वेळा समोरच्याला बरोबर कळेल. प्रत्यक्षात ५६ टक्के वेळा कळलं. दोनच पर्याय असताना नुसत्या अंदाजाने ५० टक्के बरोबर येतातच, म्हणजे लिहिलेल्यातून सूर जवळजवळ पोचलाच नाही. तेच वाक्य आवाजात ऐकवलं तेव्हा खूपच जास्त लोकांना बरोबर कळलं. तुम्ही रात्री अकराला जे लिहिलंत त्यात दुःख होतं. ग्रुपवरच्या लोकांनी सकाळी बसमध्ये उभ्याउभ्या जे वाचलं त्यात त्यांना धमकी दिसली. "याचे परिणाम कंपनीला भोगावे लागतील" हे वाक्य तुम्ही हताश होऊन लिहिलंत हे मला कळतं, कारण तुम्ही मला पूर्ण हकिगत सांगितलीत. ग्रुपवर कुणाला ती माहीत नव्हती. माझा सल्ला सगळ्यांनाच असतो: राग आला की हवं ते लिहा, पण वहीत. ग्रुपवर कामाचं तेवढंच जाऊ द्या.

एक प्रकरण सांगतो, कारण त्यातून पुढचा सल्ला निघतो. एका फौंड्रीत मोल्डिंगचे, म्हणजे वाळूचे साचे करायच्या विभागाचे, जुने सुपरवायझर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. नवा प्रॉडक्शन मॅनेजर आला, हुशार मुलगा, बाहेरून शिकून आलेला. एक दिवस वाळूचा लॅब रिपोर्ट बघून त्याने ओलावा कमी करायला सांगितलं, पण सांगितलं ते थेट अण्णांच्या हाताखालच्या पोराला. अण्णा चार पावलांवर उभे होते. मॅनेजरने तो विचारच केला नव्हता, त्याला घाई होती. अण्णांनी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं बंद केलं. काम चोख, पण जे विचारलं तेवढंच सांगायचं. आपल्याला दिसलेला दोष सांगायचा नाही, कारण विचारलंय कुणी? ब्लो होलचं (ओतीव मालात वायूमुळे पडणाऱ्या पोकळ्यांचं) रिजेक्शन वाढत गेलं. मॅनेजरला वाटलं म्हातारा अडवणूक करतोय. मालकांना वाटलं पोरगा उद्धट आहे. मला बोलावलं तेव्हा दोघांचीही माझ्यापुढे एकच तक्रार होती, "मला किंमत देत नाहीत."

मालकांनी दोघांना केबिनमध्ये बसवून हात मिळवायला लावले होते, त्याचा काहीही उपयोग झाला नव्हता. होणार नव्हताच. अण्णांची इभ्रत केबिनमध्ये गेलीच नव्हती, ती गेली होती मोल्डिंग लाइनवर, त्यांच्या पोरांसमोर. मी मॅनेजरला एवढंच सांगितलं, लाइनवर जा आणि पोरं असताना अण्णांना वाळूबद्दल खरा प्रश्न विचार, ज्याचं उत्तर तुला खरंच हवंय असा. तो गेला. म्हणाला, "अण्णा, रिपोर्टमध्ये ओलावा बरोबर येतोय, तरी होल पडतायत. तुम्हाला काय वाटतं?" अण्णांनी काही क्षण बघितलं. मग मूठभर वाळू उचलली, दाबली, मधोमध मोडली आणि तुटलेली कड त्याच्यापुढे धरली. कड भुसभुशीत होती, बोटाने सांडत होती. "ही बघा. सकाळी बरी असते. दुपारी गरम वाळू परत येते, पाणी वरच्या वर उडतं. तुमचं सँपल सकाळचं हाय." लॅबचं सँपल खरोखरच रोज सकाळी घेतलं जात होतं. त्या आठवड्यापासून दुपारीही घ्यायला लागले. माफी कुणी मागितली नाही, पण बोलणं सुरू झालं.

यातून तुमच्यासाठी दोन गोष्टी. जखम जिथे झाली तिथेच ती भरावी लागते, बंद दारामागे "सॉरी" मिळालं तरी मन पूर्ण शांत होत नाही, हे आधी ओळखून ठेवा. आणि माणसाचा मान परत येतो तो बहुतेक वेळा कामातूनच येतो, शब्दांतून कमी.

आता प्रत्यक्ष काय करायचं. उद्या कामावर गेलात की सगळ्यात आधी ते गेज बघा. तुम्ही ते आपटलंय. कुणीतरी तेच गेज तसंच वापरत असेल तर आणखी एक लॉट धोक्यात आहे. सेटिंग रिंगवर (नेमकं माप माहीत असलेल्या कडीवर) तपासा, वापरातून बाजूला काढा, कॅलिब्रेशनला पाठवा आणि तशी नोंद करा. कुणाला सांगत बसू नका, नोंद बोलेल. मग त्या गेजवर शेवटच्या कॅलिब्रेशननंतर कुठले कुठले लॉट पास झाले याची यादी काढा. हे तुम्ही कुणी मागायच्या आधी केलंत की मीटिंगमध्ये तुमच्या बसण्यातच फरक पडेल.

मग प्लँट हेडना एकट्याने भेटा. वेळ निवडताना पाळी बदलण्याची आणि डिस्पॅचची गडबड टाळा. कामाचं आधी, स्वतःचं नंतर, आणि दोन्हींच्या मध्ये जरा थांबा. साधारण असं: "साहेब, गेजची तारीख उलटली होती, ती माझ्या लक्षात यायला हवी होती. ते गेज बाजूला काढलंय, त्यावर पास झालेल्या लॉटची यादी ही. मी काम टाकून गेलो आणि ग्रुपवर लिहिलं, तेही करायला नको होतं." इथे थांबा. त्यांना बोलू द्या. ते कदाचित थोडं आणखी झाडतील, ऐकून घ्या. मग: "आता माझं एक ऐका. चूक झाली की मला हवं तेवढं बोला, मी ऐकेन. पण पोरांसमोर माझी डिग्री आणि हेल्परशी तुलना, हे मला लागलं. मला त्याच पोरांकडून काम करून घ्यायचंय. इथून पुढे तसं बोलू नका, एवढी विनंती आहे." यात "तुम्ही नेहमीच" हे शब्द नाहीत, "तुमचा हेतू" नाही, "बाकीचेही म्हणतात" तर अजिबात नाही. बाकीच्यांना मध्ये आणलंत की ते लगेच विचारतील, "कोण म्हणतं?" आणि विषय हातातून गेला.

बहुतेक प्लँट हेड यावर "बरं बरं, जा कामाला लाग" असं काहीतरी गुरगुरतात. ती आपल्याकडची मान्यता असते. तेवढ्यावर थांबा, तोंडातून "सॉरी" काढून घ्यायचा हट्ट धरू नका. पुढच्या दोन-चार मीटिंगमध्ये ते कसे बोलतात ते बघा, खरं उत्तर तिथे मिळेल.

एचआरचा खुलासा. हा कागद घाबरून लिहू नका आणि त्वेषानेही लिहू नका. एका पानात बसवा. तारीख, वेळ, काय घडलं. तुमच्याकडून काय झालं: परवानगीशिवाय काम सोडलं, ग्रुपवर अयोग्य मेसेज टाकला, याची जबाबदारी घेतो. मग प्लँट हेडचं वाक्य जसंच्या तसं, अवतरणात, एक अक्षर न वाढवता, आणि तिथे कोण कोण हजर होतं. शेवटी एक ओळ की यापुढे कामातल्या चुका वैयक्तिक शेरे न मारता दाखवल्या जाव्यात. "मानसिक छळ", "हुकूमशाही" असले शब्द एका प्रसंगासाठी वापरू नका. मोठे शब्द आले की एचआरचं लक्ष घटनेवरून उडतं आणि शब्दांच्या बंदोबस्ताला लागतं. दिलेल्या कागदाची पोच घ्या, प्रत घरी ठेवा.

नोकरीवर गदा येईल का, असंही तुम्ही विचारलंय. तुमच्या हुद्द्याला कारखान्याचे स्थायी आदेश (कामगारांच्या सेवाशर्तींची नियमावली) लागू होतात की नेमणूकपत्रातल्या अटी, हे तुमच्या प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावर ठरतं. परवानगीशिवाय काम सोडून जाणं मात्र बहुतेक ठिकाणी गैरवर्तनात मोडतं. शिक्षा किती, हे परिस्थितीवर असतं. वरिष्ठाला अपशब्द बोलल्याबद्दल बडतर्फ केलेल्या कामगाराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, रमाकांत मिश्र यांच्या प्रकरणात, बडतर्फी फार कठोर ठरवली आणि दोन वेतनवाढी रोखण्यावर भागवलं. २००५ मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या प्रकरणात मात्र सुपरवायझरला घाणेरड्या शिव्या दिल्याबद्दलची बडतर्फी त्याच न्यायालयाने कायम ठेवली. तुम्ही शिवी दिलेली नाही, कुणाच्या अंगावर गेलेला नाही, आधीचं रेकॉर्ड स्वच्छ आहे. तंबीपलीकडे प्रकरण जाईल असं मला वाटत नाही. पण पुन्हा असं झालं तर हा पहिला कागद फाइलमध्ये असेल, हे ध्यानात ठेवा.

आता तो वेगळा भाग. काही बोलणी अशी असतात की तिथे "जास्त मनाला लावून घेतलं" हा सल्लाच चुकीचा असतो. एका कंपनीत स्टोअर्स बघणाऱ्या बाईंना दर मीटिंगमध्ये "मॅडम, तुम्ही रांगोळीचं बघा" असं ऐकवलं जायचं, सगळे हसायचे. त्यांनी एकदा आवाज चढवला तर सांगण्यात आलं, "थट्टा होती, एवढं काय मनावर घ्यायचं?" रोजच्या रोज एकाच माणसावर होणारी थट्टा म्हणजे थट्टा नसते, आणि "मनावर घेऊ नका" हे वाक्य तिथे तोंड बंद करायला वापरलं जातं. बोलण्याला लैंगिक रंग असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि लेखी तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा लोकांदेखत जातीवरून अपमान करणं हा १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे, त्यात समजुतीने घ्या म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आणि कायद्याच्या चौकटीत न बसणारं, पण आठवड्यामागून आठवडे एकालाच लक्ष्य करणारं बोलणं असेल, तर वहीत तारीख, नेमके शब्द आणि हजर माणसं लिहीत जा. कुणी विचारलं तर "सतत त्रास देतात" यापेक्षा त्या वहीची चार पानं जास्त काम करतात. तुमच्या प्रकरणात यातलं काही असेल तर वरचं एकट्याने भेटण्याचं विसरा आणि थेट लेखी मार्गाने जा.

घरचे नोकरी सोड म्हणतात, त्यांचा जीव तुटतो म्हणून. पण या आठवड्यात सोडू नका. शिरोलीत सकाळी कुणी राजीनामा फेकला तर गोकुळ शिरगावला दुपारपर्यंत कळतं. आपल्याकडे क्वालिटीची माणसं एकमेकांना ओळखतात, ऑडिटला भेटतात, त्याच दोन-तीन कॅलिब्रेशन लॅबमध्ये गेज पाठवतात. नवा मालक तुमच्या आधीच्या ठिकाणी फोन लावणारच. आज गेलात तर त्या फोनवर सांगितलं जाईल, "हुशार आहे, पण डोक्यात राख घालून घेतो." दोन-तीन महिने नीट काम करून, गेजची यादी लावून गेलात तर तोच माणूस वेगळं सांगेल. जायचंच असेल तर जा, त्यात काही गैर नाही. कुठल्या दिवशी जायचं ते मात्र रागाला ठरवू देऊ नका.

समजा भेटायला गेलात आणि प्लँट हेडनी दारातच फिरवलं, "मला वेळ नाही" म्हणाले. मग तेच दोन मुद्दे, कामाचा आणि स्वतःचा, चार ओळींत ईमेलवर लिहा, एचआरला प्रत ठेवा आणि कामाला लागा. पुन्हा पुन्हा जाऊ नका. आठवड्याभरात तेच वाक्य पुन्हा ऐकावं लागलं तर तिथेच, शांत आवाजात, एवढंच म्हणा, "साहेब, बोअरबद्दल बोला, मी उत्तर देतो." आवाज वाढवायचा नाही आणि खोली सोडायची नाही. खोलीतल्या पोरांना दोघांतला फरक दिसेल.

ग्रुपचं विचारलंत. ॲडमिनला सांगून परत या. तिथे माफीचा मेसेज टाकू नका, स्पष्टीकरण तर नकोच, त्यावर पुन्हा अंगठे आणि चर्चा सुरू होते. ज्या एकदोघांची नावं तुम्ही त्या मेसेजमध्ये घेतली होती त्यांना समक्ष गाठून सांगा की तुमचं नाव घ्यायला नको होतं. ग्रुपवर तुमचा पहिला मेसेज कामाचा असू द्या: कुठलं गेज कॅलिब्रेशनला गेलंय, परत येईपर्यंत कुठलं वापरायचं, आणि त्या बोअरला दर किती नगांनी तपासणी करायची.